डोरेल झाला

फेल्सगेट विद्यालय
रविवार, ११ नोव्हेंबर १८८८

प्रिय सेप्टिमस,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट हातात घेऊन एकदा शेगडीकडेही बघितलं असशील. टाकू नकोस, पत्र छोटंच आहे.

पंधरा वर्षांत मी तुला दोनच पत्रं लिहिली, एक ऍम्ब्रोज जन्मला तेव्हा आणि एक हेस्टर गेली तेव्हा. पहिल्याला तू उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्याच्या वेळी स्वतः आलास, बहिणीच्या कबरीपाशी हॅट हातात धरून उभा राहिलास, भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि माझ्याकडे न बघता स्टेशनची वाट धरलीस. ते मी मनात ठेवलेलं नाही. मेहुण्या-मेहुण्यांत असं चालायचंच.

तर कारण किरकोळ आहे. काल माझ्या हाउसचा, म्हणजे माझ्या छपराखाली राहणाऱ्या चाळीस वांड पोरांचा, शेजारच्या हाउसशी रग्बीचा सामना झाला. त्यात ऍम्ब्रोजच्या पायाला जरा लागलं. उजवा पाय, गुडघ्याच्या खाली. तू लीड्सच्या एवढ्या मोठ्या इस्पितळात हाडांचा सर्जन, म्हणून म्हटलं सहज मत विचारावं. इथले डॉक्टर पिगॉट तोंड पाडून बसलेत, पण त्यांना सगळंच गंभीर वाटतं. गेल्या वर्षी गालगुंडाला त्यांनी पाद्र्याला बोलवायला सांगितलं होतं. कधी या बाजूला येणं झालंच तर नजर टाकून जा. घाई काही नाही.

सामना आम्ही जिंकला, हे सांगायचं राहिलंच. तुमच्याकडे आता पंचाच्या तोंडात शिट्टी आली म्हणे, फुर्र केलं की खेळ बंद. आम्ही इथे डोंगरात जुनंच धरून आहोत. ज्याच्या हातात चेंडू आहे तो धरला गेला, की त्यानं स्वतःच्या तोंडानं ‘डाऊन’ म्हणायचं. तो म्हणेपर्यंत बाकीच्यांनी त्याच्यावर पडायचं, ढकलायचं, आणि आमच्याकडे नडगीवर लाथाही मारायच्या. तुमच्या रग्बी युनियननं लाथा कधीच बंद केल्या, ते मला ठाऊक आहे. पण पुरे कधी हे पोरानं स्वतः ठरवावं, त्यातच खरं शिक्षण आहे, असं माझं मत. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

ऍम्ब्रोज काल बराच वेळ खाली होता. शब्द काढला नाही तोंडातून. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं.

हे लिहिताना चारदा उठलो. खिडकी लावली, उघडली, परत लावली. आजारी पोर घरात असलं की माणसाचं असं होतं. टल्लकबाई, आमच्या हाउसच्या मेट्रन, वरून खाली पाण्याच्या बादल्या नेतायत आणि माझ्याकडे बघत नाहीयेत.

तुझा,
ऑब्री स्टॅनियन

ता.क. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात ना?


मंगळवार, १३ नोव्हेंबर

प्रिय सेप्टिमस,

तुझं उत्तर सकाळी आलं. म्हणजे तुझ्या सहायकाचं. ‘किरकोळ मार असेल तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून पाय उंच ठेवावा. मि. डोरेल या आठवड्यात कामात आहेत.’ दोन ओळी. बरोबरच आहे. मी किरकोळ म्हणून विचारलं, तू किरकोळ म्हणून निकाली काढलंस. मास्तरकी करून माझे केस पिकले, प्रश्न चुकीचा घातला की उत्तर कसं येतं ते मला कळतं.

तर प्रश्न दुरुस्त करतो. हाड मोडलंय. दोन्ही हाडं. त्यातलं एक कातडी फाडून बाहेर आलं होतं, मैदानावरच. मोज्यावर चिखल होता, मला आधी ते हाड चिखलातला दगड वाटलं. पिगॉटनी हाड आत सारलं, वर घट्ट पट्टी बांधली. काल दुपारपासून ताप आहे आणि पट्टीला वास येतोय. पिगॉट म्हणतात, वाट बघू, आणि नाही उतरला तर गुडघ्याखाली काढावा लागेल. काढावा लागेल, असंच म्हणाले. मी विचारलं काय काढावं लागेल, तर त्यांनी चष्मा पुसला.

कार्बोलिक ऍसिडनं जखम धुऊन असे पाय वाचतात असं तुझ्या नावानं छापून आलेलं मी वाचलंय. हो, वाचतो मी तुझं छापलेलं. पिगॉटना सांगितलं तर ते म्हणाले, चाळीस वर्षं पाय कापतोय, वास मारायला फिनेल घालत नाही. मी फक्त मत विचारतोय. किती पाण्यात किती कार्बोलिक, एवढं तारेनं कळवलंस तरी पुरे.

झालं कसं, तर पोरगा हट्टी. आईवर गेलाय. बारा-तेरा जणांच्या खाली चेंडू कवटाळून पडला होता आणि डाऊन म्हणेना. मी पंच होतो. आमच्याकडे कुणी दाद मागितल्याशिवाय पंच तोंड उघडत नाही, हा नियम मी केलेला नाही, मी यायच्या आधीपासूनचा आहे. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. कुणी दाद मागितली नाही.

मुख्याध्यापकांनी मला आज बोलावलं होतं. ते उन्हाळ्यात निवृत्त होतायत, आणि त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव पुढे आहे, हे तुला माहीत असायचं कारण नाही. म्हणाले, ‘स्टॅनियन, विश्वस्त विचारतायत. मुलानं स्वतःच डाऊन म्हटलं नाही, एवढं लेखी द्या म्हणजे विषय मिटेल.’ खरंच आहे ते. लेखी द्यायला हरकत काय? कागद पुढ्यात आहे. सकाळपासून कोराच आहे.

ऑब्री


बुधवार, १४ नोव्हेंबर, दुपार

सेप्टिमस,

तिसरीच्या वर्गाला लॅटिनचा उतारा लिहायला घातलाय आणि मी टेबलाशी बसून तुला लिहितोय. पोरं अजिबात आवाज करत नाहीयेत. चार दिवस झाले, माझ्यासमोर कुणी आवाज करत नाही.

काल मी लिहिलं की पोरगा आईवर गेलाय. खोटं. वड्याचं तेल वांग्यावर काढलं. हेस्टर हट्टी नव्हती, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती तर दमली की जिथे असेल तिथे बसायची आणि म्हणायची, आता माझ्याच्यानं होत नाही. मला लाज वाटायची तेव्हा, चारचौघांत.

आज सकाळी त्याच्याजवळ बसलो होतो. तुला इथली पद्धत माहीत आहे, मास्तराच्या मुलानं शाळा चालू असताना बापाला सरच म्हणायचं. तापातही सुटलं नाही त्याचं. डोळे उघडून म्हणाला, ‘सर, मी डोरेल झालो नाही.’

टल्लकबाई बशी धुवत होत्या, त्यांचे हात थांबले.

आता तुला सांगायलाच हवं, नाहीतर हे वाक्य तुला कळणार नाही. आणि कळलं तर मी तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही. आमच्या हाउसमध्ये जो पोरगा धरल्यावर लगेच डाऊन म्हणतो त्याला ‘डोरेल झाला’ म्हणतात. ‘डोरेल होऊ नकोस रे’, ‘आज दोन डोरेल निघाले’, असं जेवणाच्या टेबलावरही चालतं. आठ-नऊ वर्षांची पोरं म्हणतात, ज्यांना डोरेल हे माणसाचं नाव आहे हेसुद्धा माहीत नाही. बारा वर्षं हा शब्द या घरात आहे.

तो मी आणला. इथे लागलो त्या पहिल्या हिवाळ्यात पोरं शेगडीभोवती टोस्ट भाजत बसली होती. भोजनगृहात माझी इंग्लंडची जर्सी काचेत लावलेली, तिच्यावरचा चिखलही धुवू दिला नव्हता मी. एकानं विचारलं, ‘सर, स्कॉटलंडच्या सामन्यात डाऊन कोण म्हणालं होतं?’ मी म्हणालो, ‘सभ्य माणसं नावं घेत नाहीत.’ मग एक टोस्ट खाल्ला. मग म्हणालो, ‘डोरेल म्हणून होता एक.’

बघ, पुन्हा विचारायच्या आधीच नाव दिलं. चोराच्या मनात चांदणं.

त्या दिवसाचं आपण दोघं सोडून कुणाला ठाऊक नाही, तरी मी ते एकदा कागदावर लिहितो. पंधरा वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. वीसविरुद्ध वीस. त्यांची गोलची रेषा हातभर पुढे. चेंडू माझ्या पोटाशी, मी खाली, आणि माझ्याही खाली तू. आपली माणसं मागून रेटत होती, अजून एक रेटा आणि आपण पार झालो असतो. कुणाचा तरी गुडघा माझ्या बरगडीवर होता आणि तोंड चिखलात. मला श्वास येईना. लाथ बसली नव्हती, हाड मोडलं नव्हतं, काही झालं नव्हतं. मला भीती वाटली. मी आता इथेच मरणार असं वाटलं आणि मी म्हटलं, ‘डाऊन.’ चिरक्या आवाजात. नियमाप्रमाणे सगळे उठले, चेंडू खाली ठेवला, नवा घोळका झाला आणि त्यांनी आपल्याला चाळीस पावलं मागे नेलं. सामना बरोबरीत सुटला.

रात्रीच्या जेवणाला कप्तानानं हसत हसत विचारलं, पण तो हसत नव्हता. ‘रेषा हातभर असताना डाऊन कोण म्हणालं?’ टेबलावरून कुणीतरी म्हणालं, चिरका आवाज होता, डोरेलच असणार. तुला सर्दी झालेली होती त्या दिवशी. सगळे हसले. तू माझ्याकडे बघितलंस. माझ्यापुढे सूप होतं. मी चमचा उचलला.

माझं सूप संपेपर्यंत तू थांबलास. मग खुर्ची सरकवून गेलास.

तू का बोलला नाहीस तेही मी जाणून होतो. पाच आठवड्यांनी हेस्टरचं माझ्याशी लग्न होतं. बहिणीच्या नवऱ्याचं नाक कापायला नको, म्हणून तू स्वतःचं पुढे केलंस. तुला पुन्हा संघात घेतलं नाही. मला आणखी दोनदा घेतलं, आणि त्याच जोरावर या शाळेनं मला बोलावलं. इथे माझी कीर्ती काय आहे माहीत आहे? स्टॅनियन सर कधी डाऊन म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी ऍम्ब्रोज माझ्या हाउसमध्ये दाखल झाला. आठवडा झाला असेल, एकटा गाठून विचारलंन, ‘सर, डोरेल म्हणजे आपला मामा का?’ दर वाढदिवसाला तू त्याला पुस्तक पाठवतोस, पहिल्या पानावर तुझं नाव असतं. मी म्हणालो, ‘खेळात नातीगोती नसतात.’ त्यानंतर तुझी पुस्तकं त्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवली. आणि शनिवारी बारा जणांच्या खाली, हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला आला असणार, मला आला, तरी तो बोलला नाही. माझ्याकडे बघत होता, सेप्टिमस. चिखलातून एक डोळा दिसत होता. मी मोठ्या अभिमानानं मान हलवली.

पिगॉटनी शुक्रवारी सकाळी दहाची वेळ ठरवलीय. करवत उकळायला टल्लकबाईंनी मोठं पातेलं मागितलं तर म्हणाले, कशाला.

मला एक शब्द लिहायचाय तुला आणि तीन पत्रांत तो लिहिता आलेला नाही. मत दे, लिहिलं. कार्बोलिकचं माप कळव, लिहिलं. कधी आलास तर, लिहिलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते माझ्यासारख्यालाच म्हणत असणार.

घंटा झाली. पोरांचे उतारे गोळा करायचेत.


गुरुवार, १५ नोव्हेंबर, फेल्सगेट स्टेशन

सेप्टिमस,

कालचं पत्र टाकलं नाही. खिशातच आहे. हे त्याला जोडतो. तू उतरलास की हातात देईन. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी वगळीन.

सकाळी प्रार्थना चुकवली, बारा वर्षांत पहिल्यांदा. वर गेलो आणि ऍम्ब्रोजला सगळं सांगितलं. टल्लकबाईंना म्हटलं तुम्हीही थांबा, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. ताप होता, पण डोळे स्वच्छ होते.

‘म्हणजे ते तुम्ही होतात, बाबा?’

‘मी होतो.’

शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बाबा म्हणाला, आणि ते या वाक्यात. मग भिंतीकडे तोंड केलंन. भिंतीकडेच बघत म्हणाला, ‘मग मी कशासाठी थांबलो?’

ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. गणित समजलं नाही की विचारतो तसं विचारलं त्यानं. टल्लकबाई म्हणाल्या, ‘सर, तुम्ही इथे बसून आता काही होणार नाही. तारघर आठला उघडतं.’ बाई गेली बारा वर्षं माझ्याशी अदबीनं बोलत आलीय. आज खाली बूट शोधत होतो तर तिनेच ते पुढे फेकले.

तारघरात मि. ग्रिबल एकटेच. गावातला सगळ्यात चौकस माणूस, पण निरोप अचूक पाठवतो. मी लिहून दिलं. त्यांनी पेन्सिलनं एकेक शब्दावर टिंब देत वाचलं: ‘ऍम्ब्रोजचा पाय उद्या दहाला कापणार. डाऊन मी म्हणालो होतो. ये. ऑब्री.’

म्हणाले, ‘हे मधलं वाक्य गाळलं तरी चालेल, सर. त्याचा काही अर्थ लागत नाही.’

‘राहू दे ते.’

‘नाही, तार नेमकी असावी म्हणून म्हटलं. पाय आणि ये, एवढं बास आहे.’

‘ग्रिबल, ते वाक्य गाळायचं नाही.’

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि यंत्राकडे वळले. मी बाहेर न जाता तिथेच येरझारा घालत राहिलो, तर त्यांनी मला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. तारेचा ठोका पडताना मला सारखं वाटत होतं, आता थांबवावं, वाक्य बदलावं, तुझ्या सहायकाच्या हाती पडेल, लीड्सभर होईल. मग लक्षात आलं, तुझं नाव बारा वर्षं चाळीस-चाळीस पोरांच्या तोंडी आहे आणि मी लीड्समधल्या एका सहायकाची काळजी करतोय.

साडेदहाला उत्तर आलं. ‘पिगॉटला हात लावू देऊ नकोस. चार दहाची गाडी. डोरेल.’

परत जाऊन पिगॉटना सांगितलं. फार चिडले. चिडू देत. ऍम्ब्रोजला सांगितलं, मामा येतोय. टल्लकबाई सांगत होत्या की मी खाली गेल्यावर त्यानं ट्रंक उघडायला लावली आणि पुस्तकं वर काढून ठेवायला सांगितली. ‘मामाला दिसली पाहिजेत’, म्हणाला.

आता तीन वाजलेत. गाडीला तास आहे आणि मी दोन तासांपासून इथे आहे. हमालानं दोनदा विचारलं कुठे जायचंय. तू डब्यातून उतरशील तेव्हा काय म्हणायचं ते ठरवतोय आणि एकही वाक्य धड होत नाहीये. तुझी बॅग घेईन. बॅग घ्यायला तरी येईल मला.


रविवार, १६ डिसेंबर

प्रिय सेप्टिमस,

काल ऍम्ब्रोज खिडकीपर्यंत चालला. कुबड्या आहेत, आणि तू सांगितलंस तसा पाय दीड इंच आखूड राहणार, पण पाय आहे. टाच जमिनीला लावताना तोंड वाकडं करतो आणि लगेच ‘दुखलं’ म्हणतो, आणि टल्लकबाई लगेच खुर्ची देतात. खेळणं आता नाही. त्याला त्याचं किती वाटतंय ते अजून कळत नाही. मला कळतं मला किती वाटतंय ते, पण ते तुला सांगून काय उपयोग.

तू इथे नऊ दिवस राहिलास आणि माझ्याशी जे बोललास ते सगळं मी मोजू शकतो. परात धर. पाणी आणखी गरम. कार्बोलिक एकाला वीस. हात धू, पुन्हा धू. माझ्या नखांभोवतीची कातडी अजून निघतेय आणि मला ती निघावीशी वाटते. तुझ्या हाताखाली परात धरून उभं राहताना माझ्या मनाची तगमग थांबायची, तेवढा वेळच थांबायची. तू गेल्यापासून मी घरात कुठल्याच खुर्चीवर पाच मिनिटं बसलेलो नाही.

दोन्ही पत्रं तू पहिल्याच दिवशी वाचलीस, मी बघितलं, आणि घडी करून कोटात ठेवलीस. नऊ दिवस मी वाट बघितली. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, किंवा माफ करशील, दोन्हींची तयारी ठेवली होती. आणि शेवटी स्टेशनवर, गाडी शिटी देत असताना, तू जे म्हणालास ते मी रोज पुन्हा ऐकतो. ‘तू डाऊन म्हणालास त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, ऑब्री. तू माझ्या मानेवर होतास. आणखी एक क्षण आणि मीच म्हणालो असतो. वाईट वाटलं ते सुपाचं.’

मग डब्यात चढलास. मी बॅग वर दिली.

म्हणजे ज्या गोष्टीची मी पंधरा वर्षं लाज धरली तिची लाज धरायचं कारणच नव्हतं, आणि जिची धरायला हवी होती ती चमच्यानं गिळून टाकली. हे कळायला पोराचा पाय जायची वेळ यावी लागली. मी मुलांना शिकवतो. लोक मला मुलं शिकवायला देतात.

इथलं सांगतो. विश्वस्तांचा कागद मी लिहून दिला. त्यात लिहिलं की मुलानं डाऊन म्हटलं नाही, कारण पंचानं त्याला तसं शिकवलं होतं, आणि पंच हाताच्या अंतरावर उभा होता. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘एवढं लिहायची गरज नव्हती, स्टॅनियन.’ खुर्ची अर्थातच दुसऱ्याकडे जाईल. ईस्टरला हाउसही जाईल, तिसरीचं लॅटिन तेवढं राहील. ऍम्ब्रोज आणि मी गावात दोन खोल्या घेऊ. जानेवारीपासून सगळ्या शाळेला शिट्टी येतेय, आणि पोरांनी निषेध म्हणून माझ्या दारावर खडूनं एक शिट्टी काढून ठेवलीय.

मग हाउसलाही सांगितलं. तू गेलास त्यानंतरच्या रविवारी जेवणानंतर उभा राहिलो आणि काचेतल्या जर्सीखाली उभं राहूनच सांगितलं, चिखल कुठला आहे आणि त्यात तोंड कुणाचं होतं. चाळीस पोरं. पुडिंग निवलं. मला वाटलं होतं कुणी रडेल, कुणी टाळी वाजवेल, पुस्तकात असतं तसं काहीतरी होईल. एका लहानग्यानं हात वर केला आणि विचारलं, ‘सर, मग तो शब्द आता म्हणायचा की नाही?’ मी म्हणालो, म्हणायचा नाही, ते माझ्या मेहुण्याचं नाव आहे. ‘बरं, सर’, म्हणाला, आणि पुडिंगकडे वळला.

मला वाटलं, संपलं. पण पोरं ती पोरं. त्यांना एक शब्द काढून घेतला तर ती हात जोडून बसत नाहीत.

काल दुपारी वह्या तपासत होतो. खिडकी उघडी होती. खाली मैदानावर छोटी पोरं आपसात खेळत होती, शिट्टी नाही, मास्तर नाही. एक धरला गेला, वर चार जण पडले, आणि तो पडल्या पडल्या ‘डाऊन’ म्हणाला. सगळे उठले. मग त्यांच्यातला मोठा पोरगा, खांदे झटकत, अगदी सहज, ‘अरे, लगेच स्टॅनियन झालास?’

आणि तो लहानगा कानातला चिखल काढत म्हणाला, ‘झालो. दुखत होतं.’ आणि चेंडू खाली ठेवून पुन्हा घोळक्यात शिरला.

लाल शाईची दौत कलंडली होती, ती सरळ केली. मग खुर्चीवर बसून उरलेल्या सगळ्या वह्या एका बैठकीत तपासल्या.

तुझं नाव तुला परत मिळालंय, एवढंच कळवायचं होतं. नाताळला ये. ऍम्ब्रोजनं विचारलंय, आणि मीही विचारतोय.

ऑब्री